उजव्या हृदयाची विचारपूस

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या दिवशी काही गोड बोलावे अशी रीत आहे. पण कार्यवाहबाई मला बोलावणे करायला आल्या, तेव्हा जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, रक्तदाब आणि साखर यांवर दर वर्षी कोणी ना कोणी बोलतेच. यंदा काही निराळे सांगा." मी दोन दिवस विचार केला आणि ठरवले की, ज्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकले, तीच आपल्यापुढे मांडावी. शहाणपणाच्या चार गोष्टींपेक्षा एक कबूल केलेली चूक ऐकणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

विषय असा आहे : हृदयाच्या झडपा गळू लागल्या म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूची प्रकृती कशी तपासतात आणि ती वेळेवर का तपासावी. नाव ऐकून कोणी घाबरू नये. जिला घर चालवता येते तिला हृदयाचा कारभार समजायला फार वेळ लागत नाही.

हृदय म्हणजे एका सामाईक भिंतीची दोन बिऱ्हाडे समजा. प्रत्येक बिऱ्हाडात वर एक खोली आणि खाली एक खोली. साऱ्या शरीरातून परत आलेले अशुद्ध रक्त उजव्या बिऱ्हाडात येते आणि तेथून फुप्फुसांकडे जाते. फुप्फुसांत प्राणवायू घेऊन ते डाव्या बिऱ्हाडात येते आणि तेथून डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत वाटले जाते. वाटेवर चार दारे आहेत. त्या दारांना आपण झडपा म्हणतो. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या खोलीमध्ये आहे ती मिट्रल झडप. उजव्या बाजूला तशीच आहे ती ट्रायकस्पिड. ही दारे एकाच दिशेला उघडतात. दार नीट मिटले नाही की पुढे जायचे रक्त मागे येते. यालाच झडप गळणे म्हणतात.

आता या दोन बिऱ्हाडांतला फरक पाहा. डाव्या खालच्या खोलीला सबंध शरीराला रक्त पोचवायचे असते, म्हणून ती दर ठोक्याला सुमारे १२० मिलिमीटरचा दाब उत्पन्न करते. उजवीला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच न्यायचे असते. तिचा दाब २५ च्या आसपास. साहजिकच तिची भिंत पातळ. एका घरातल्या दोन जावांसारखे हे आहे. एकीच्या कामाची गावभर वाखाणणी होते. दुसरी माजघरात काय करते हे कोणी पाहत नाही. पण तिच्या हातून काम सुटले की घर बंद पडते.

जावांचा दृष्टांत मी उगीच घेतला नाही. जी हकीकत सांगणार आहे ती माझ्या थोरल्या जाऊबाईंचीच आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींना त्या आठवत असतील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या त्यांच्याच हातच्या असत.

जाऊबाईंना लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. घसा धरला, मग ताप, मग आज गुडघा सुजला तर उद्या मनगट. घरच्यांनी शेक दिला, लेप लावले; महिन्याभरात पोर खेळायला लागली आणि सगळे विसरून गेले. पण हा ताप सांध्यांना नुसता शिवून जातो आणि हृदयाच्या झडपांना मात्र चावतो. इंग्रजीत त्याला र्‍हुमॅटिक फीवर म्हणतात. पन्नाशीत त्यांची मिट्रल झडप गळते असे निदान झाले. दर वर्षी शहरात जाऊन हृदयाची इको तपासणी करायची आणि कागद मला दाखवायचा, असे ठरले. घरात डॉक्टर असल्यावर दुसऱ्या कोणाला कशाला विचारायचे?

त्या कागदावर एक आकडा असतो. हृदयाची डावी खालची खोली आपल्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर टाकते त्याचा तो आकडा. पहिल्या वर्षी तो ६५ होता, दुसऱ्या वर्षी ६२, तिसऱ्या वर्षी ६०. मी हसून म्हटले, "जाऊबाई, साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! काळजी करू नका." त्याही हसल्या. परीक्षेला जन्मात बसल्या नव्हत्या, पण पहिला वर्ग मिळाला म्हणून त्यांनी त्या दिवशी शिरा केला.

भगिनींनो, तो शिरा मला अजून गिळवत नाही. कारण मिट्रल झडप फार गळत असेल तर साठ हा पहिला वर्ग नव्हे, तो धोक्याचा इशारा आहे. असे पाहा : भोक पडलेल्या नळीतून पाणी सोडायला जोर कमी लागतो. डाव्या खोलीतले काही रक्त पुढे शरीराकडे जाण्याऐवजी गळक्या दारातून मागे सटकते, आणि मागे जाणे सोपे असते. यंत्र तेही 'बाहेर टाकलेले' म्हणून मोजते. त्यामुळे थकत चाललेले हृदयही कागदावर दमदार दिसते. म्हणूनच अशा रोग्यांत हा आकडा ६० वर किंवा त्याखाली आला की शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे हृदयरोगतज्ज्ञांचे नियम सांगतात.

ही झाली डाव्या बाजूची फसवणूक. पण माझी मोठी चूक पुढेच आहे. त्याच कागदावर खाली, बारीक अक्षरांत, उजव्या बाजूच्या दोन-तीन ओळी होत्या. त्या मी वाचल्याच नव्हत्या.

डावी झडप गळली तर उजव्या बाजूचे काय जाते, असे कोणी विचारील. मोरी तुंबली की पाणी कोठे जाते? मागे, स्वयंपाकघरात. मिट्रल गळली की डाव्या वरच्या खोलीत रक्त तुंबते. तिच्यामागे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या तुंबतात, म्हणून बाईला जिना चढताना दम लागतो, रात्री उशी उंच घ्यावी लागते. आणि फुप्फुसांच्या मागे कोण? उजवी खालची खोली. पंचविसाच्या दाबाची सवय असलेल्या त्या पातळ भिंतीला पन्नास-साठच्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. काही वर्षे ती मुकाट्याने ढकलते. मग फुगते. फुगली की तिच्या दाराची चौकट रुंद होते, झडपेची पाती एकमेकींना पोचत नाहीत आणि ट्रायकस्पिडही गळू लागते. आता तुंबारा यकृतापर्यंत, पोटापर्यंत आणि पायांपर्यंत उतरतो.

जाऊबाईंचे नेमके हेच झाले. भूक मेली. उजव्या बरगडीखाली जड वाटू लागले. सगळे म्हणाले पित्त आहे. संध्याकाळी जोडव्यांच्या खुणा बोटांवर उमटू लागल्या, पैंजण घट्ट झाले. सगळे म्हणाले वय झाले, दिवसभर उभ्या असतात. त्या स्वतः काय म्हणाल्या? काहीच नाही. साडी सैल नेसू लागल्या, इतकेच. पोट वाढले होते ते आम्ही अंगाने भरल्या असे समजलो. पोटात पाणी झाले होते.

मग एका रात्री मी तिन्ही वर्षांचे कागद जमिनीवर ओळीने मांडले आणि खालच्या ओळी वाचल्या. फुप्फुसांकडचा दाब : ३६, मग ४८, मग ६०. उजव्या खोलीच्या हालचालीचे माप : २१ मिलिमीटर, मग १८, मग १५. एकेक कागद वेगळा पाहिला तर ही उतरण कळली नसती. तिन्ही एकत्र पाहिल्यावर एक बाई जिना उतरत चाललेली दिसत होती.

आता ही मापे काय आहेत ते सांगते, म्हणजे आपल्या घरातला कागद आपल्याला वाचता येईल.

इको म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून हृदय पाहणे. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड गावी एडलर नावाचे डॉक्टर आणि हेर्ट्झ नावाचे पदार्थवैज्ञानिक यांनी, धातूतील चिरा शोधण्याचे यंत्र माणसाच्या छातीला लावून हे काम सुरू केले; आणि एडलर यांना मुख्यतः मिट्रल झडपच पाहायची होती. या तपासणीत सुई नाही, दुखणे नाही.

उजवी खोली पाहणे मात्र अवघड. डावी खोली साधारण शहाळ्यासारखी गोलसर, तिचे माप घेणे सोपे. उजवी तिला बिलगलेली, आडवा छेद घेतला तर चंद्रकोरीसारखी. तिचा आकार एका सूत्रात बसत नाही. म्हणून वैद्यांनी एकाऐवजी चार-पाच युक्त्या काढल्या. पहिली युक्ती ट्रायकस्पिडच्या चौकटीची. उजवी खोली आकुंचन पावते ती मुख्यतः लांबीत. म्हणून दर ठोक्याला ही चौकट हृदयाच्या टोकाकडे किती सरकते ते मोजतात. डॉक्टर याला 'टॅप्सी' म्हणतात. १७ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर खोली दमली असे समजावे. दुसरे माप त्या चौकटीच्या वेगाचे : सेकंदाला ९.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असू नये. तिसरे, खोलीचे क्षेत्रफळ दर ठोक्याला किती घटते : निदान ३५ टक्के घटावे. अलीकडे स्नायूचा धागा किती आखडतो हेही संगणकावर मोजतात. त्यात दमणूक लवकर कळून येते.

दाब कसा कळतो, ते तर मोठे गमतीचे आहे. आपण नळीचे तोंड बोटाने दाबतो तेव्हा धार जितकी वेगाने उडते तितका आत दाब. ट्रायकस्पिड थोडी जरी गळत असेल तरी त्या गळतीची धार किती वेगाने मागे येते हे इकोवर दिसते. वेगाचा वर्ग करून चाराने गुणले की दोन खोल्यांच्या दाबांतला फरक मिळतो. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ३६. त्यात वरच्या खोलीचा दाब मिळवायचा. तो पोटातून येणाऱ्या मोठ्या नीलेवरून अजमावतात. ही नीला २१ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल आणि श्वास ओढताना निम्म्यानेही आकसत नसेल, तर आत तुंबारा आहे असे समजतात.

परंतु येथेही तीच फसवणूक लपलेली आहे. ट्रायकस्पिड फारच गळत असेल, तर उजव्या खोलीलाही मागे सटकण्याची सोपी वाट मिळते आणि दमलेली खोली चांगली हललेली दिसते. शिवाय नुसते हलणे पाहून काय उपयोग? रिकामी कळशी घेऊन झरझर चालणारी आणि भरली कळशी घेऊन सावकाश चालणारी, यांत अशक्त कोण, हे ओझे पाहिल्याशिवाय कसे सांगणार? म्हणून आता जाणते डॉक्टर दोन्ही आकडे एकत्र पाहतात : खोली किती हलते, आणि किती दाबापुढे हलते. दाब चढता आणि हालचाल उतरती असेल, तर उजवे हृदय हरत चालले आहे. जाऊबाईंच्या तीन कागदांत हेच लिहिले होते.

इकोने शंका फिटली नाही तर एमआरआय करतात. उजव्या खोलीचे आकारमान मोजायला त्याच्याइतके नेमके दुसरे साधन नाही. आणि शेवटी नळीची तपासणी. शिरेतून बारीक नळी सारत उजव्या हृदयात न्यायची आणि दाब प्रत्यक्ष मोजायचा. फुप्फुसांच्या रोहिणीतला सरासरी दाब २० पेक्षा जास्त भरला तर तो वाढलेला समजतात.

या नळीची कथा बायकांनी ऐकावी अशी आहे. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला ही कल्पना सुचली. वरिष्ठांनी मनाई केली. उपकरणांच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन नावाच्या परिचारिकेकडे होत्या. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधले आणि तिला नकळत आपल्याच हाताच्या शिरेत नळी सारली! मग तिला सोडवून, ती नळी तशीच अंगात घेऊन, दोघे जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेले आणि नळीचे टोक उजव्या हृदयात पोचलेले पाहिले. पुढे अमेरिकेत कुर्नां आणि रिचर्ड्‌स यांनी या तपासणीला शिस्त लावली आणि १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. गेर्डाबाईंना ते मिळाले नाही. म्हणून त्यांचे नाव येथे मुद्दाम घेतले.

जाऊबाईंची शस्त्रक्रिया झाली. मिट्रल झडप बदलली, ट्रायकस्पिडच्या रुंदावलेल्या चौकटीला कडे बसवले. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी आपले काम उत्तम केले. डावी बाजू सुधारली. पण उजवी फार दिवस एकटी झिजली होती; ती पूर्वीसारखी झाली नाही. पुढची पाच वर्षे त्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर आणि बेताच्या मिठावर राहिल्या. मंडळाचा जिना त्यांना पुन्हा चढवला नाही. वड्या मात्र पाठवत राहिल्या. एकदा मी त्यांच्यापाशी माझी चूक बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, तू कागद वाचला नाहीस, आणि मी तरी तुला पाय कुठे दाखवले?"

या एका वाक्यासाठी मी आज उभी आहे. कागद न वाचणे ही आम्हा डॉक्टरांची चूक. पाय न दाखवणे ही आपणा बायकांची सवय. दोन्ही मिळून उजवे हृदय मारतात.

पूर्वी ट्रायकस्पिडला 'विसरलेली झडप' म्हणत. आता तसे राहिलेले नाही. डाव्या झडपेची शस्त्रक्रिया करतानाच ही फार गळत असेल किंवा तिची चौकट ४० मिलिमीटरपर्यंत रुंदावली असेल, तर तिच्याही दुरुस्तीचा विचार करावा असे आज नियम सांगतात. छाती न उघडता मांडीच्या शिरेतून जाऊन तिची पाती चिमट्याने जोडण्याच्या साधनालाही २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण यांतले काहीही करायचे तर उजव्या खोलीत त्राण शिल्लक हवे. म्हणून वेळ महत्त्वाची.

आता घरी जाऊन करण्याच्या गोष्टी सांगते आणि थांबते.

ज्यांची झडप गळते असे निदान झाले आहे, त्यांनी सगळे जुने कागद एका पिशवीत तारीखवार ठेवावेत आणि प्रत्येक भेटीला सगळेच न्यावेत. डॉक्टरांना सरळ विचारावे : "माझ्या उजव्या हृदयाचे काय? मागच्या वर्षापेक्षा दाब वाढला का? हालचाल घटली का?" असे विचारणे उद्धटपणा नव्हे.

संध्याकाळी नडगीवर बोटाने दाबून पाहावे. खळगा पडला आणि तो लवकर भरला नाही तर दाखवावे. पाय सुजण्याची कारणे पुष्कळ असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते सुजतात. तेव्हा घाबरू नये, पण लपवूही नये. झडपेचा रोग असेल तर रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले तर ते पाणी समजावे आणि डॉक्टरांना कळवावे.

मुलांचा घसा धरून ताप आला तर अंगावर काढू नये. पाच ते पंधरा या वयात घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, तर शेकत बसू नका, मुलाला दवाखान्यात न्या. ज्यांना हा ताप येऊन गेला, त्यांना तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मूल रडते म्हणून ते चुकवू नका. जाऊबाईंना ते मिळाले असते तर आजचे व्याख्यानच झाले नसते.

आणि धूर. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत फुप्फुसांच्या विकाराने उजवे हृदय निकामी झालेल्या रोग्यांचा अभ्यास केला होता, आणि त्यांत चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायका होत्या. पद्मावतीबाई २०२० मध्ये, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, निवर्तल्या. तेव्हा गावाकडे ज्यांच्या घरी अजून चूल पेटते, त्यांनी निदान धुराला वाट ठेवावी.

भगिनींनो, घरात जी बोलत नाही तिची विचारपूस आधी करावी, असे आपल्या सासवा सांगत आल्या. छातीतल्या त्या पातळ भिंतीच्या खोलीलाही तोच न्याय लावा.  मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि पुढच्या वर्धापनदिनाला आपण सर्वजणी दम न लागता हा जिना चढून येवोत, अशी इच्छा करून मी आपली रजा घेते.